नंबर जातोय, चालेल का?

"हॅलो?… हॅलो… हां ताई, बोल… येतंय, येतंय ऐकू… नाही, निघालो नाही अजून… म्हणजे निघतोच आहे. निघण्याच्या बेतात आहे… कुठे म्हणजे? गाडीजवळ."

हे खोटं नव्हतं. मास्तर गाडीजवळच होते. फक्त गाडी वेल्डिंगच्या दुकानात चार लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती, तिची चाकं जमिनीपासून वीतभर वर लोंबत होती आणि पुढच्या काचेवर तपासणी कार्यालयाने एक लाल कागद डकवला होता. पालथ्या घातलेल्या रंगाच्या डब्यावर बसून मास्तर त्या कागदाकडे बघत होते. कागदावर शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. एरवी त्यांना चुका आधी दिसत. आज मजकूर आधी दिसला.

"आवाज होय? पत्र्याचा आहे… मिस्त्री काहीतरी शोधतायत… ते सोड. आई कुठे आहे?… दारात?… सकाळी सातपासून? बूट घालून?… अगं मग बूट कशाला घालू दिलेस इतक्या लवकर? मी संध्याकाळी पोचणार होतो ना… आहे. पोचणार आहे… 'होतो' म्हणालो का?… निघून गेलं तोंडातून."

मास्तर शाळेत भाषा शिकवत. त्यामुळे 'पोचणार आहे' आणि 'पोचणार होतो' यांत किती कोसांचं अंतर असतं हे त्यांना इतरांपेक्षा जरा जास्तच कळत होतं. ताई भाषा शिकवत नव्हती, पण ती त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी होती. त्यामुळे तिलाही कळलं.

"लपवत नाहीये गं काही… ताई… ताई, ऐक ना… ऐक तर. तू आधी स्वयंपाकघरात जा… मला काही झालेलं नाही. मी धडधाकट आहे. फक्त आईला ऐकू जाणार नाही अशी उभी राहा… तिला कमी ऐकू येतं हे मला नको सांगूस, तिला जे ऐकायचं नसतं तेवढंच कमी ऐकू येतं… हां. दार लाव… लावलंस?"

आई आठ महिने ताईकडे होती. गुडघे आधीच गेलेले, चाकांची खुर्ची सहा वर्षांची जुनी. त्यात ती मोरीत पडली आणि खुबा मोडला. मोठं इस्पितळ ताईच्या गावात, म्हणून रुग्णवाहिकेत आडवी घालून तिला तिकडे नेलं. खुबा जमेल तसा जुळला. 'आता घरी' असं आईने म्हणायला सुरुवात केली त्यालाही तीन महिने झाले होते. तेवढ्यात भाऊजींची बदली आली, ती थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला. शनिवारी सामानाचा ट्रक, रविवारी माणसांची गाडी. आई त्याआधी घरी आली तर आली. नाहीतर सामानामागोमाग तीही तिकडे. तिथून ती पुन्हा इकडे यायची कशी, हा प्रश्न घरात कोणी काढत नव्हतं. उत्तर सगळ्यांना येत असलं की प्रश्न कोणी काढत नाही.

आज गुरुवार होता.

"हो, तपासणी झाली. सकाळीच झाली… पास?… हे बघ, पास-नापास असं नसतं त्यात… म्हणजे नापासच. पण भलत्याच विषयात नापास… नाही नाही, वेल्डिंग उत्तम आहे! अगं तो साहेब गाडीखाली वाकून हातोडीने ठोकून ठोकून बघत होता. म्हणाला, असं काम हल्ली कोणी करत नाही… हो, गंजलेला भाग सगळा कापून काढलाय. हातभर लांब. उजव्या बाजूचा, पुढच्या चाकाच्या मागचा… चासीच ती, म्हणजे गाडीचा कणा… तिथे नवा जाड पत्रा वाकवून, आतून पट्टी देऊन जोडलाय. टाके बघशील तर आईच्या मशीनवरचे वाटतील, एकसारखे एक… वरून काळा रंगही दिला… मग नापास कशात? तेच सांगतोय ना, तू बोलू देशील तर."

कोपऱ्यात भंगाराचा डोंगर होता. मिस्त्री त्यात कमरेइतके उतरले होते. एकेक तुकडा उचलून उजेडाकडे धरायचा, उलटा करायचा, मागे फेकायचा. फेकताना ते काही बोलत नव्हते. पत्राच काय ते बोलत होता.

"त्याने विचारलं, नंबर कुठे आहे?… मीही तेच म्हणालो, मागे-पुढे दोन्हीकडे पाटी आहे की!… ती पाटी नव्हे. चासी नंबर. गाडी जन्माला येते ना कारखान्यात, तेव्हा तिच्या कण्यावर ठोकतात तो. अकरा अक्षरं-आकडे… पाटी काय, कोणीही रंगवून घेतं. ही जन्मखूण आहे. याच्यावरून ही गाडी म्हणजे तीच गाडी असं ठरतं… असतो कुठे?… उजव्या बाजूला. पुढच्या चाकाच्या मागे… हो… हो ताई. तोच हातभर."

ताई गप्प झाली. ताई फोनवर गप्प होणं ही वर्षा-दोन वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट होती, आणि दर वेळी ती वाईट बातमीवर खर्च व्हायची.

"मिस्त्रींना नको शिव्या देऊस… नको ना… त्यांनी विचारलं होतं… मला… हो, कापायच्या आधी… मी काय सांगितलं, तेच सांगायला तुला आत पाठवलंय."

मास्तरांनी डबा अर्धा फूट भिंतीकडे सरकवला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पाठ टेकायला भिंत बरी असते एवढंच.

"मंगळवारची गोष्ट. मी इथेच उभा. मिस्त्री गाडीखाली, तोंडावर मुखवटा, ग्राइंडर चालू. मला तपासणी कार्यालयातून फोन आला… आज गुरुवारी आपला नंबर होता ना, सतरावा… तर तो बाबू म्हणाला, वेळेत हजर नसाल तर नंबर जाईल, मग शुक्रवारी परत रांगेत. मी फोन ठेवतोय न ठेवतोय तोच मिस्त्रींनी खालून ओरडून विचारलं, 'मास्तर, यात नंबर जातोय, चालेल का?'… हेच शब्द. अक्षरन् अक्षर… मला वाटलं, काम लांबतंय, म्हणून गुरुवारचा नंबर जातोय असं म्हणतायत… मी म्हणालो… ताई, हसू नकोस, आणि रडू तर मुळीच नकोस… मी म्हणालो, 'गेला तर जाऊ द्या. पुन्हा लावू. तुम्ही काम पक्कं करा.'… हो. 'पुन्हा लावू.'… हो, मीच."

सव्वीस वर्षं मास्तर नववीच्या वर्गाला श्लेष अलंकार शिकवत आले होते. एकच शब्द, त्याचे दोन अर्थ, आणि त्यातून उत्पन्न होणारी गंमत. 'गंमत' हा शब्द पाठ्यपुस्तकातला. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांना येई, आणि सोपा असतो म्हणून मुलं तो आधी सोडवत.

"त्यांना काय वाटणार? त्यांना वाटलं, मास्तर शिकलेला माणूस, वर बोलून ठेवलं असेल, नवा ठोकून घेणार असतील. 'पुन्हा लावू' म्हणाला ना… ते विचारून मोकळे, मी सांगून मोकळा… हो गं, आहेच मी गाढव. तू लहानपणापासून सांगतेयस. आज शिक्का मिळाला, तोही लाल."

मिस्त्री डोंगरातून बाहेर आले आणि एक गंजकं काहीतरी मास्तरांच्या नाकासमोर धरलं.

"एक मिनिट… हा?… नाही हो, हा कुणाचा तरी सायलेन्सर दिसतोय… तुला नाही ताई, मिस्त्रींना… तेच तर शोधतोय! कापलेला तुकडा. अगं तो साहेब तसा भला निघाला. म्हणाला, तुकडा आणा, नंबर वाचता आला की कागदाशी ताडून आजच्या आज नव्या पत्र्यावर ठोकून देतो. पाचपर्यंत आहे तो… भंगारवाला उद्या येतो, म्हणजे तुकडा आहे इथेच कुठेतरी. देवाच्या दयेने एवढं तरी… नाही मिळाला तर? तर अर्ज. अर्जावर चौकशी, चौकशीवर पोलिसांचा दाखला, दाखल्यावर समिती. सहा महिने, तेसुद्धा समिती बसली तर… तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही. इथवर आणली तीसुद्धा मिस्त्रींच्या टेम्पोला दोर बांधून. मी आत स्टिअरिंग धरून बसलो होतो… लोक काय, बघणारच. वळणावर मी सवयीने हातही दाखवला."

डोंगरावरून घरंगळत एक पत्रा खाली आला आणि बराच वेळ गोल फिरत राहिला.

"रुग्णवाहिका? विचारलंस तिला?… काय म्हणाली?… तेच ना. मलाही तेच म्हणाली होती, 'घरातून आडवी निघाले ती निघाले, परत येईन ती बसून. आडवं जायचं आता एकदाच राहिलंय, त्याला तुझी गाडी लागत नाही.'… साध्या गाडीत नाही जमणार ताई. खुबा वाकतच नाही तेवढा. मागच्या वेळी तिला सीटवर बसवताना तिघांनी धरलं, आणि तिने तिघांच्याही सात पिढ्या काढल्या. त्यातल्या तिच्याच होत्या निम्म्या… खुर्चीसकट न्यावं लागतं तिला. आणि खुर्चीसकट जाईल अशी गाडी हीच एक."

ती बाबांची करामत होती. आईच्या खुर्चीला चाकं आली त्याच महिन्यात त्यांनी या गाडीचं मागचं दार कापलं, बिजागरीवर फळी बसवली आणि जमिनीवर चार कड्या मारल्या. खुर्ची फळीवरून वर ढकलायची, चार कड्यांत अडकवायची. तीन कड्या शहाण्यासारख्या लागत. चौथी लाथ मारल्याशिवाय लागत नसे. बाबा गेल्यावर घराचे कागद, पाण्याचं बिल आणि चौथ्या कडीची लाथ मास्तरांकडे आली. आई खुर्चीत बसून खिडकीतून रस्ता बघायची आणि कोणी नीट चालवत नाही म्हणून रस्त्यावरच्या सगळ्यांना बोल लावायची. मास्तर धरून.

"तशीच घेऊन येऊ?… लाल कागद फाडून?… ताई, नवरा तुझा सरकारी अधिकारी आणि तू मला… सहा तासांचा रस्ता आहे, वाटेत तीन नाके. पहिल्याच नाक्यावर धरली तर? नंबर नसलेली गाडी म्हणजे चोरीचीच धरतात. मग मी खाली हात वर करून उभा, आणि आई मागे खुर्चीत, बूट घालून, चोरीच्या गाडीत… हसतेस काय?… हो, ते मला माहीत आहे. तिला आवडेल. शिपायाला नाव-गाव विचारून त्याच्या आईची ओळख काढेल ती…"

मास्तरांनाही हसू आलं. सकाळपासूनचं पहिलं. ते ओठांपर्यंत पोचलंच होतं, तेवढ्यात कोपऱ्यातून मिस्त्रींनी हाक मारली.

"काय?… सापडला?… थांब ताई. ठेवू नकोस. ठेवू नकोस हां… मिस्त्री, इकडे आणा, उजेडात… हाच! हा बघा ना कडेला हिरवा रंग, बाबांनी उरलेला खिडक्यांचा रंग मारला होता खालून… ताई, सापडला! अगं मिळाला तुकडा!… किती वाजले? सव्वाबारा… अगं रग्गड वेळ आहे. तासात ठोकून होईल, दोनला निघतो, आठला तुझ्या दारात… आईला सांग… नको, थांब. आधी वाचू दे… सांग सांग, निघतोय म्हणून सांग… नको. थांब जरा."

मिस्त्रींनी तुकडा नव्या कोऱ्या कापडावर ठेवला, तान्ह्या मुलाला ठेवावा तसा. हातभर लांब असून तो वजनाला अगदीच हलका होता. हे मास्तरांच्या लक्षात आलं. पण हलक्याचा अर्थ लावायला त्यांना त्या वेळी सवड नव्हती. मिस्त्रींनी तारेचा ब्रश घेतला, मग तो ठेवून जुना दात घासायचा ब्रश घेतला, आणि त्यावर फुंकर मारून ते हलक्या हाताने घासू लागले.

"घासतायत… दिसतंय, दिसतंय काहीतरी… इंग्रजी एम. एम आहे!… कागदावरही एमनेच सुरू होतो… पुढे तीन… नाही, आठ. मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं? तीन?… मिस्त्री तीन म्हणतायत… त्यापुढे… त्यापुढे भोक आहे ताई… भोक म्हणजे भोक. आरपार. माझं बोट दिसतंय त्यातून… मग चार. चार नक्की… पुढे तीन-चार आकडे असावेत, गंजाखाली उंचवटे दिसतायत… मिस्त्री, हळू… अहो हळू… थांबा, घासू नका, घासू—"

कसला आवाजसुद्धा झाला नाही.

"…आहे. आहे मी फोनवर… काही नाही. पापुद्रा निघाला… एक नाही, सगळाच. आकडे त्याच्यावर होते… खाली पडला… उचलून काय उचलू, पीठ झालंय त्याचं."

अकरातले दोन हाती लागले होते. तिसऱ्यावर मतभेद होते.

"कागदावर आहे गं नंबर! कागदावर अकराच्या अकरा आहेत, स्वच्छ, कोणीही वाचावेत असे. लोखंडावर नाहीत… त्यांना लोखंडावरचेच हवेत… दोन आकड्यांवर नाही देत कोणी ठोकून. विचारायला जाईन मी, जाईन ना, पण तो साहेबही काय करणार. एम आणि चार घेऊन जगात लाख गाड्या असतील… हं… हो… एक सांगू? मंगळवारी मी 'नाही चालणार' म्हणालो असतो ना, तरी हेच. नंबर आधीच गेला होता. आतून. पत्रा नुसता रंगाच्या आधारावर उभा होता… नाही. बरं नाही वाटत. मला वाटलं होतं वाटेल… चूक माझी होती तोवर ठीक होतं गं. काहीतरी करता आलं असतं."

मिस्त्री खाली वाकून जमिनीवरची लाल भुकटी चिमटीत घेऊन बघत होते. मग त्यांनी हात पँटला पुसले, गाडीच्या नव्या कण्यावर दोनदा थाप मारली आणि मुखवटा कपाळावर सरकवून सकाळपासूनचं सर्वांत लांब वाक्य बोलले.

"काय?… मिस्त्री म्हणतायत, गाडी आता अजून वीस वर्षं मोडत नाही… हो. त्यांचं बरोबर आहे… धीर देतायत."

काचेवरचा लाल कागद एका कोपऱ्यात सुटला होता. मास्तरांनी उठून तो अंगठ्याने दाबून परत चिकटवला. मग आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते पुन्हा डब्यावर येऊन बसले.

"मी काय सांगू आता… तू सांग ना ताई. तू मोठी आहेस… असं कर, जेवण झाल्यावर… ती जेवली नाही?… निघायच्या आधी जड नको म्हणाली?… अरे देवा… थांब, मागे कोण बोलतंय?… दार लावलं होतंस ना तू?… ताई, नको. तिला नको देऊस. मी संध्याकाळी स्वतः… ताई! अगं ऐक ना… हॅलो?

"…हां आई.

"हो, मीच… जेवलो… जेवलो गं. काय म्हणजे, आपलं नेहमीचं… तू?… मग खाऊन घे ना थोडं… बूट घातलेस म्हणे. काळे?… छान… नाही, अजून नाही निघालो… गाडी? गाडी फार सुरेख झालीये आई. खालून सगळी नवी… हो, मिस्त्री चांगले आहेत… फळी आहे… कड्या आहेत, चारी आहेत… चौथी तशीच आहे. लाथ मारावी लागते… हो, मारतो मी. बाबांच्याइतकी नाही लागत, पण मारतो…

"आई, ऐक… एक झालंय… आई, नंबर गेला… नंबर… नं-ब-र. गेला… हो… हो, आपला… नाही गं, उशीर नाही झाला, वेळेत गेलो होतो… तो नंबर नाही आई, तो वेगळा, हा जो… हा गाडीच्या…"

उत्तर सोपं होतं. एकच शब्द, दोन अर्थ. आधी पहिला सांगायचा, मग दुसरा. मास्तरांनी दुसरा सांगायला तोंड उघडलं, पण आईने नेहमीप्रमाणे त्यांचं वाक्य तोडलं.

"काय म्हणालीस?… काय?… 'गेला तर जाऊ दे'…

"…हो. ऐकू आलं… 'पुन्हा लाव'… हो आई… शनिवारच्या आत, हो… नाही, चिडत नाहीये मी कुणावर… लावतो. लावतो ना पुन्हा… हो.

"पण आई, ते बूट काढून बस. दिवसभर पाय सुजतील… का?… का नाही काढणार?… ऐन वेळी नंबर लागला तर… हो, ते खरं, बांधायला वेळ लागतो तुला… नको, ताईला नको घाई करायला लावू… बरं. बरं, नको काढू… पण नाड्या तेवढ्या सैल… आई?… नाड्या म्हटलं, नाड्या… हॅलो?… आई?… हॅलो?…"